घरपोच संख्याशास्त्र

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे वाटेवरचे गाव आहे. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो आणि गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. धान आणि माणसे या दोन्ही वाटांनी बाहेर पडत आली आहेत. उच्च शिक्षणाची इच्छा धरणारी मुलेही त्यांत आलीच. कोणी साकोली गाठली, कोणी गोंदिया. आणि ज्याच्या घरी खोलीच्या भाड्याची तरतूद होऊ शकली त्याने शंभर किलोमीटरांहून दूर असलेले नागपूर गाठले. विद्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला असते आणि तिच्यासाठी घर सोडावेच लागते, असे झाडीपट्टीतील अनेक पिढ्यांनी गृहीत धरले होते. ते गृहीतक आज डळमळले आहे. महाविद्यालयाच्या प्रारंभीच्या वर्षांत शिकवला जाणारा संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम सौंदडच्या घरात बसून, हातातील मोबाइलवर, देशातील नामांकित प्राध्यापकांच्या तोंडून ऐकता येतो आणि त्याचे श्रेयांक पदवीच्या हिशेबात जमा होऊ शकतात.

ही सोय एका दिवसात झालेली नाही. देशातील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम हाती घेतला. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. मद्रास आयआयटीने २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम काढला आणि त्याच्या पायाभूत टप्प्यातच संख्याशास्त्राला स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी तर एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची वाट मोकळी केली. सौंदडच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र ऑनलाइन शिकता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आहे. ते शिकता येते. आता विचारावयाचे ते एवढेच की, शिकून झाल्यावर त्याच्या हाती नेमके काय लागते आणि ज्या मातीत तो राहतो तिला त्याचा काही उपयोग होतो काय?

आकड्यांवर ठरणारी भाकरी

संख्याशास्त्र म्हणजे शहरातील कंपन्यांच्या नोकरीसाठी शिकावयाचा विषय, असा समज आज रूढ होत आहे. तो निखालस चुकीचा आहे. मालगुजारी तलावांच्या आणि बांध्यांच्या या मुलखात संख्याशास्त्राचा संबंध प्रथम ताटातल्या भाताशी आहे. दरवर्षी खरिपाच्या हंगामात गावाची पैसेवारी निघते. प्रथम नजरअंदाज, मग सुधारित आणि अखेरीस अंतिम. ती पन्नास पैशांच्या आत आली की बाहेर राहिली, यावर टंचाईच्या सवलतींची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती हे निकष पुढे आणले, हे खरे. पण तेही आकडेच होत. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत एका शेतकऱ्याच्या नव्हे, तर संपूर्ण मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर भरपाई ठरते आणि ते सरासरी उत्पन्न काढण्यासाठी महसूल मंडळात प्रत्येक प्रमुख पिकाचे किमान १० पीककापणी प्रयोग करावयाचे असतात. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने योजनेचे स्वरूप बदलले, तेव्हा या पीककापणीचे महत्त्व आणखीच वाढले.

दहा तुकड्यांवरून हजारो बांध्यांचे भवितव्य ठरते. असे करणे मुळात चूक आहे काय? संख्याशास्त्र सांगते की नाही. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी सारे पातेले उपसावे लागत नाही, हे गृहिणीही जाणते. पण पातेले आधी ढवळलेले असावे लागते. वरवरचेच शित उचलले तर खालचा भात कच्चा राहिल्याचे कळत नाही. ते दहा तुकडे कोणी निवडले, चिठ्ठी टाकून निवडले की रस्त्यालगतचे सोयीचे निवडले, तलावाच्या पाण्याखालचे किती आणि केवळ पावसावरचे किती, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या सरासरीला अर्थ येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, दहा बांध्यांपैकी आठ बांध्या पावसावरच्या आहेत आणि त्यांत एकरी ८ क्विंटल धान झाले. उरलेल्या दोन तलावाखालच्या असून त्यांत १८ क्विंटल झाले. सरासरी निघते १० क्विंटल. प्रत्यक्षात दहा क्विंटल कोणालाच झालेले नाही. मध्यक काढला तर तो ८ येतो, आणि दहातील आठ घरांची स्थिती तोच खरी सांगतो. आता विम्याच्या भाषेतील ‘उंबरठा उत्पन्न’ जर ९ क्विंटल असेल, तर सरासरी त्याच्या वर गेली म्हणून आठही शेतकरी भरपाईवाचून राहतील. मध्य आणि मध्यक यांतील भेद दहावीच्या गणिताच्या पुस्तकात आहे आणि महाविद्यालयातील प्राथमिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या काही आठवड्यांत तो पुन्हा येतो. परीक्षेत तो चार गुणांचा असतो. वरील आठ घरांत तो वर्षाच्या जमाखर्चाचा असतो.

बांधावर घडलेले शास्त्र

या शास्त्राचा भारतातील इतिहासही वर्गापेक्षा शेताच्या बांधावरच अधिक घडला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि बंगालमधील तागाच्या व धानाच्या पिकांसाठी नमुना पाहणीचे तंत्र सिद्ध केले. त्यांच्याशी ज्यांचा गाजलेला मतभेद झाला ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. १९११ साली जन्मलेल्या सुखात्म्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९४० नंतर दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पीककापणीच्या पद्धतीचा पाया घातला.

दोघांतील वाद वरकरणी किरकोळ वाटावा असा होता : कापणीसाठी निवडलेला तुकडा केवढा असावा? लहान तुकडा घेतला तर वेळ आणि पैसा वाचतो, तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणे पाहता येतात. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवून दिले की, फार लहान तुकड्यावरून उत्पन्नाचा अंदाज फुगतो. याचे कारण कोणत्याही सूत्रात सापडत नाही. ते कापणाऱ्याच्या हातात आहे. तुकड्याच्या काठावरचे रोप आत धरावे की बाहेर ठेवावे अशी शंका आली की हात ते नकळत आत ओढतो. तुकडा लहान असेल तर क्षेत्राच्या मानाने काठ मोठा असतो, म्हणून ही चूकही मोठी होते. आणि मुख्य म्हणजे, असे कितीही तुकडे कापले तरी ती भरून निघत नाही. कारण ती एकाच दिशेने होत राहते. नमुना मोठा केल्याने कोणती चूक कमी होते आणि कोणती होत नाही, हा संख्याशास्त्राचा एक मूलभूत धडा आहे. एका मराठी माणसाने तो गव्हाच्या आणि धानाच्या शेतात जाऊन शिकवला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोम येथे दोन दशके काम करून ते पुण्यास परतले आणि १९९७ साली निवर्तले.

पुण्यातच दुसरा एक वाद झाला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २२५० उष्मांक पुरवणारा आहार परवडण्याइतका खर्च जे करू शकत नाहीत ते दरिद्री, अशी त्यांची कसोटी होती. सुखात्म्यांचा आक्षेप असा की, निरोगी माणसाची आहाराची गरजही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरणे चूक होय. दांडेकरांना तो आक्षेप मान्य नव्हता आणि अर्थशास्त्राच्या नियतकालिकांतून ही चर्चा पुढे पुष्कळ काळ चालली. सरासरी आणि विचलन या दोन संकल्पनांतील ताणातून देशात उपाशी माणसे किती या प्रश्नाचे उत्तर बदलत होते. प्रमाण विचलन हा शब्द ज्या विद्यार्थ्याला केवळ वर्गमूळ काढण्याचा कंटाळवाणा सराव वाटतो, त्याला हा वाद कोणीतरी सांगावयास हवा.

पडद्याचे गुण

ऑनलाइन पाठ हे सारे सांगू शकतो काय? प्रथम त्याला जे निश्चित साधते त्याची नोंद केली पाहिजे. वर्गात एकदा निसटलेले वाक्य पुन्हा मिळत नाही. पडद्यावरील पाठ दहा वेळा मागे नेता येतो आणि त्याबद्दल कोणी हसत नाही. लाजऱ्या विद्यार्थ्याला याचे मोल कळते. दिवसभर कचेरीत बसणारा लिपिक, शाळा सुटल्यावर घरी आलेली शिक्षिका, लग्नानंतर शिक्षण तुटलेली तरुणी यांना सकाळी साडेदहाच्या तासाला हजर राहणे अशक्य असते. रात्री नऊला पाठ ऐकणे शक्य असते. शिवाय संख्याशास्त्रातील काही गोष्टी फळ्यापेक्षा पडद्यावरच अधिक स्पष्ट होतात. नाणे दहा हजार वेळा उडवून पाहणे कोणत्याही वर्गात होणार नाही. संगणकाला ते क्षणाचे काम आहे, आणि छापांचे प्रमाण हळूहळू निम्म्याकडे कसे सरकते हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येते. एनपीटीईएलचे पाठ ऐकण्यास शुल्क पडत नाही, केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेस पडते. आणि ती परीक्षा देखरेखीखाली केंद्रावर जाऊन द्यावी लागते, हेही इष्टच आहे.

महाविद्यालयांतील वर्ग सारे आदर्श होते आणि पडद्याने ते बिघडवले, असेही कोणी मानू नये. गाइडातील उदाहरणे फळ्यावर उतरवणे आणि परीक्षेत येणारी सूत्रे तोंडपाठ करवून घेणे हा प्रकार अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आला आहे. अशा तासापेक्षा चांगल्या प्राध्यापकाचा ध्वनिचित्रित पाठ शतपटीने बरा. ज्या महाविद्यालयात संख्याशास्त्राचा शिक्षकच नाही, तेथे तर तुलनेचा प्रश्नही उद्भवत नाही.

तरीही काही उणे आहे आणि ते डोळ्यांआड करता येणार नाही.

पहिले उणे भाषेचे. काही अभ्यासक्रमांची मराठी रूपांतरे झाली आहेत, परंतु बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत. या शास्त्रातील कठीण शब्द विद्यार्थ्याला फारसे फसवत नाहीत, कारण ते अपरिचित आहेत हे त्याला ठाऊक असते. सोपे दिसणारे शब्दच फसवतात. ‘सिग्निफिकंट’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा असा आहे. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की, दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याचा संभव थोडा आहे. नव्या बियाण्याने एकरी दोन किलो धान अधिक दिले आणि प्रयोग पुरेसा मोठा असला, तर तो फरक शास्त्राच्या भाषेत ‘सिग्निफिकंट’ ठरेल. शेतकऱ्याच्या भाषेत तो बियाण्याची वाढीव किंमतही भरून काढणार नाही. हा भेद मातृभाषेत, परिचयाच्या वस्तूवर बोट ठेवून सांगितला तर पाच मिनिटांत उमजतो. परभाषेत तो वर्षभर अर्धवट राहू शकतो आणि विद्यार्थी तरीही उत्तीर्ण होतो.

दुसरे उणे तपासणीचे. एनपीटीईएलच्या पद्धतीत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि अखेरच्या परीक्षेला ७५ गुणांचा भार असतो. हजारो विद्यार्थ्यांचे स्वाध्याय यंत्रानेच तपासावे लागतात, म्हणून प्रश्न असे घालावे लागतात की ज्यांचे उत्तर एक आकडा किंवा चारांपैकी एक पर्याय असेल. यंत्राला १० हे उत्तर बरोबर आहे एवढे समजते. सरासरी दहा आली तरी दहा क्विंटल कोणालाच झाले नाही, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की नाही, ते यंत्राला विचारता येत नाही. स्वाध्यायांची उत्तरे एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर किती सहज जातात, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही.

तिसरे उणे एकटेपणाचे, आणि त्याविषयीचे आकडेच संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम धडा आहेत. अमेरिकेतील हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांनी एडएक्स या व्यासपीठावर चालवलेल्या अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सर्व सहभागी लोकांत केवळ ३.१३ टक्के होते. हा आकडा ऐकून ऑनलाइन शिक्षणाचा बोऱ्या वाजला असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवले होते, त्यांच्यातील प्रमाण ४६ टक्के होते. मग पैसे घेतले की विद्यार्थी अभ्यास पूर्ण करतात, असा निष्कर्ष काढावा काय? तोही घाईचा होईल. पैसे भरणारा आधीच निश्चय केलेला असतो. शुल्काने निश्चय उत्पन्न झाला की निश्चयाने शुल्क भरवले, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. छेद कोणता घेतला हे पाहणे आणि सहसंबंधाला कार्यकारणभाव न समजणे, हे दोन धडे येथे आयतेच मिळतात. मात्र एक गोष्ट दोन्ही आकड्यांत समान आहे. निश्चय करून आलेल्यांतीलही निम्म्याहून अधिक लोक शेवटापर्यंत पोचले नाहीत.

मोबाइल कोणाचा?

सोय सर्वांपर्यंत पोचली आहे काय, हा प्रश्नही आकड्यांनीच सोडवावयास हवा. आणि येथेही आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती आणि संगणक जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे होता. हे आकडे आज कोणी भाषणात उद्धृत केले तर ते श्रोत्यांची दिशाभूल करतील, कारण दरम्यानच्या काळात स्थिती पार पालटली. २०२५ च्या केंद्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे ८६ टक्के कुटुंबांत इंटरनेट पोचले आहे. समाधान वाटावे असा हा आकडा आहे. पण तो कुटुंबांचा आकडा आहे. पाच माणसांच्या घरात एक मोबाइल असेल आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर पाहणीच्या तक्त्यात ते घर जोडलेलेच दिसते. मुलीला मात्र तो रात्री मिळतो, तोही भावाचे झाल्यावर. रोवणीच्या दिवसांत ती बांधीत चिखलात उभी असते आणि स्वाध्यायाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. कुटुंब मोजले की विद्यार्थिनी मोजली, हा प्रश्न विचारावयास शिकवणे, हेच प्राथमिक संख्याशास्त्राचे काम आहे.

या साऱ्यावर एक सोपे उत्तर दिले जाते : शिक्षक नाही त्यापेक्षा पडदा बरा. ते खरेही आहे. पण तेच उत्तर वरच्या कचेऱ्यांत पोचले की त्याचा अर्थ बदलतो. पडदा आहे, मग शिक्षक कशाला? राज्यातील महाविद्यालयांतील प्राध्यापकांची रिक्त पदे हा जुना आणि चिघळलेला प्रश्न आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम हे त्या रिक्त खुर्चीवर घातलेले आच्छादन ठरू लागले, तर सोयीचे रूपांतर सबबीत होईल. आणि सबब नेहमी प्रथम गोंदियासारख्या जिल्ह्यांना सांगितली जाते. नागपूर-पुण्याच्या विद्यार्थ्याला पडदाही मिळेल, शिक्षकही मिळेल आणि शंका विचारावयास शेजारच्या खोलीतील मित्रही मिळेल. सौंदडच्या विद्यार्थ्याला केवळ पडदा मिळेल आणि दोघांच्या गुणपत्रिकेवर श्रेयांक मात्र सारखेच असतील. या समानतेत न्याय आहे काय?

आठवड्याचा एक तास

उपाय मोठ्या खर्चाचा नाही. व्याख्यान पडद्यावर असू द्यावे. त्याला गावात एका तासाची जोड द्यावी. ऑनलाइन संख्याशास्त्र घेणारे आसपासच्या गावांतील विद्यार्थी आठवड्यातून एकदा जवळच्या महाविद्यालयात, शाळेच्या खोलीत किंवा वाचनालयात एकत्र यावेत. त्यांच्यासोबत गणिताचा, अर्थशास्त्राचा किंवा वाणिज्याचा एक शिक्षक असावा. त्याने पुन्हा व्याख्यान देऊ नये. त्या आठवड्याचा पाठ विद्यार्थ्यांनी मराठीत, एकही सूत्र न लिहिता, एका परिच्छेदात मांडावा आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारावेत. ज्याला प्रमाण विचलन शब्दांत सांगता येते त्याला ते समजले आहे. ज्याला केवळ काढता येते त्याच्याबद्दल खात्री देता येत नाही.

दुसरी जोड कामाची. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात एक लहानशी पाहणी स्वतः करावी. एस.टी. गाडी ठरल्या वेळेपासून किती मिनिटे मागे येते, हे महिनाभर टिपता येईल. शाळेतील हजेरी रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत किती घटते, हे शिक्षकांच्या साहाय्याने पाहता येईल. गावातील बांध्यांची यादी करून चिठ्ठी टाकून दहा बांध्या निवडता येतील, मग रस्त्यालगतच्या दहा निवडून दोन्ही सरासरींची तुलना करता येईल. पक्षिमित्रांसाठीही विषय आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यत्वे याच जिल्ह्यात तगून आहे आणि त्याची गणना दरवर्षी होते. एकच पक्षी सकाळी एका तलावावर आणि दुपारी दुसऱ्यावर दिसला तर तो दोनदा मोजला जाऊ नये म्हणून काय करावे लागते, याचा विचार करताना विद्यार्थी गणना आणि अंदाज यांतील अंतर आपोआप शिकेल.

तिसरी जोड शासनाच्या कामाची. पीककापणी प्रयोग हे गुप्त काम नव्हे. ते गावात, उघड्या शेतात, लोकांसमक्ष व्हावयाचे असते. ज्याला गाव अजून तलाठीच म्हणते त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याने संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या वेळी उभे राहू द्यावे. शेत कसे निवडले, तुकड्याचा कोपरा कसा ठरला, काठावरच्या रोपांचे काय केले, वजन ओल्या धानाचे धरले की वाळलेल्या, हे त्यांनी पाहावे आणि लिहून काढावे. यात कर्मचाऱ्यावर अविश्वास दाखवण्याचा हेतू नाही. उलट चार सुशिक्षित डोळ्यांसमोर झालेल्या प्रयोगाच्या आकड्यावर गावाचा विश्वास अधिक बसेल आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याला नंतर होणाऱ्या आरोपांपासून संरक्षणही मिळेल. विद्यापीठाने अशा पाहणीला आणि मौखिक परीक्षेला गुणांचा काही वाटा द्यावा, म्हणजे विद्यार्थीही ते मनावर घेतील आणि मार्गदर्शक शिक्षकाच्या कामाचीही कार्यभारात गणना होईल. आज शिक्षकाचा हा वेळ कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही; तो धरल्यावाचून सद्‌भावनेवर चालणारा उपक्रम दुसऱ्या वर्षी बंद पडतो, हा अनुभव नवा नाही.

यावर आक्षेप येईल की, शास्त्र सार्वत्रिक असते. त्याला सौंदडच्या बांधीत कोंडू नये. सुखात्म्यांचे उदाहरण या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे. काठावरच्या रोपाविषयीचे त्यांचे निरीक्षण भारतातील शेतात झाले आणि नमुना पाहणीच्या जागतिक शास्त्रात त्याला स्थान मिळाले. जवळची वस्तू नीट मोजणारा दूरची वस्तूही मोजू शकतो. ज्याने कधीच काही मोजले नाही, त्याला पुस्तकातील अमेरिकन मोटारींचे आणि परदेशी फुलांच्या पाकळ्यांचे आकडे कायम परकेच राहतात. तो त्यांच्यावर क्रिया करतो, पण त्यांच्याविषयी शंका घेत नाही. आणि शंका घेता येणे हा तर या विद्येचा निम्मा भाग आहे.

आज वृत्तपत्र उघडावे तर टक्केवारी, दुकानात जावे तर टक्केवारी, निवडणूक आली की पाहण्यांचा पाऊस. पूर्वी निरक्षर माणसाला अंगठा कोठे उठवला हे कळत नसे. आता साक्षर माणसाला आकड्याखाली काय दडले आहे हे कळत नाही, एवढाच फरक पडला आहे. ही दुसरी निरक्षरता घालवण्याचे साधन सौंदडच्या उंबरठ्यापर्यंत प्रथमच आले आहे, तेही जवळजवळ विनामूल्य. ते नाकारणे करंटेपणाचे होईल. पण केवळ गुणपत्रिकेत भर घालण्यापुरते ते वापरणे हाही करंटेपणाचाच दुसरा प्रकार होय.

म्हणून या अभ्यासक्रमाचे यश मोजावयाचे असेल तर उत्तीर्णांची टक्केवारी पुरेशी नाही. येत्या खरिपात मंडळाची पीककापणी होईल आणि सरासरीचा आकडा जाहीर होईल. त्या दिवशी ‘हे दहा तुकडे निवडले कसे?’ असा साधा प्रश्न नम्रपणे, पण समजून विचारणारी एखादी मुलगी किंवा मुलगा गावात असला, तर संख्याशास्त्र सौंदडला पोचले असे म्हणता येईल. तोवर पोचला आहे तो फक्त पडदा.